वरातीमागून झाडू

लग्नाच्या वरातीचा हिशेब सोलापुरात घरातल्या थोरल्यांना तोंडपाठ असतो. बँडवाल्याला इसार किती द्यायचा, जनरेटरच्या गाडीचं भाडं बँडातच आलं की वेगळं, डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्यांना काय, नवरदेवाचा घोडा किती तासांसाठी ठरला, आणि कार्यालयाच्या दारात पोचल्यावर घोडेवाला अडून बसला तर त्याला वरती किती द्यायचे. आठवडाभर आधीपासून यावर खल चालतो. झूल जरीची हवी की मखमली, यावरही रुसवेफुगवे होतात. पण या सगळ्या यादीत एक रकाना कधीच नसतो. तो घोडा वाटेत जी लीद टाकणार, ती उचलणार कोण?

विषय काढला की लोक हसतात. मग कोणीतरी नाक मुरडतं आणि बोलणं हुरड्याकडे वळतं. पण सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, होम मैदानाभोवती किंवा विजापूर रोडला संभाजी तलावाच्या बाजूला जे रोज पायी फिरतात, त्यांना यात हसण्यासारखं काही वाटत नाही. 2016 साली पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आपलं नाव आलं, त्यानंतर शहरात चालायच्या वाटा झाल्या, पेव्हर ब्लॉक बसले, बाकडी आली. वाट एकच, आणि तिच्यावर गुडघेदुखीवाले आजोबा, सायकल शिकणारी पोरं, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या दर्शनाला अनवाणी निघालेल्या बाया आणि अधूनमधून एखादा घोडा. वरातीच्या हंगामात घोडेवाले जनावराचे पाय मोकळे करायला पहाटे बाहेर काढतात. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मुलांना फेरी मारायला तट्टं येतात. कुठे जयंतीची मिरवणूक असते. घोडे मोजकेच, पण वाट सगळ्यांची.

मला जे म्हणायचं आहे ते थोडक्यात असं. लगाम ज्याच्या हातात आणि घोड्याचं भाडं ज्याच्या खिशातून, त्या दोघांनी मिळून लीद उचलायची व्यवस्था करावी. ती सफाई कामगारावर सोडू नये, उन्हावर आणि पावसावर तर नाहीच. आणि एवढं ज्यांनी पाळलं, त्यांच्या घोड्याला वाटेवर मज्जाव करण्याचा अधिकार कोणालाही नसावा. या शेवटच्या वाक्यावर माझे सकाळचे फिरणारे सोबती चिडतात. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी त्या लिदीकडेच नीट बघू. घोडा गाईसारखा रवंथ करत नाही. गाईच्या पोटाचे चार कप्पे गवताचा पार लगदा करतात. घोड्याचं खाणं जठरातून भराभर पुढे सरकतं आणि आंबतं ते शेवटी, मोठ्या आतड्यात. म्हणून त्याच्या लिदीत गवताचे तंतू डोळ्यांना दिसतात, ओट किंवा हरभऱ्याचा अख्खा दाणाही सापडतो. चिमण्या, साळुंक्या, पारवे त्यावर तुटून पडतात ते त्यासाठीच. चांगल्या बांध्याचा घोडा दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतो, आपल्याकडची लहान तट्टं त्याहून कमी. दिवसभरात आठ-दहा वेळा तरी. म्हणजे दोन-अडीच तासांच्या वरातीत एकदा ठरलेलीच. त्यात हा प्राणी भित्रा. कानाशी ताशा, पुढे डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, म्हटल्यावर पोट आणखी लवकर मोकळं होतं. तो थांबत नाही, जागाही शोधत नाही. चालता चालता शेपूट उचलतो आणि पुढे जातो.

जानेवारीच्या गारठ्यात ताजी लीद पेव्हर ब्लॉकवर पडलेली असते तेव्हा तिच्यातून वाफ निघते. मुठीएवढे हिरवट तपकिरी गोळे, वरून ओलसर चकाकी, एकमेकांना टेकून बसलेले. वास येतो तो आंबलेल्या कडब्यासारखा, अगदीच नकोसा नाही. या अवस्थेत ती सुपलीच्या दोन फटक्यांत उचलली जाते, फरशीवर जेमतेम ओला डाग राहतो. मग पहिली स्कूटर येते. गोळे चपटे होतात, तंतू ब्लॉकांच्या फटींत दाबले जातात. दुसरी गाडी येते, तिसरी येते, एका सायकलीचं चाक तोच माल पन्नास पावलं पुढे नेऊन ठेवतं. आता झाडूने निघत नाही, खरवडावं लागतं. दुपारपर्यंत ऊन तिचं तूस करतं. आपल्याकडे एप्रिलात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा तर दुपारचीही वाट बघावी लागत नाही. संध्याकाळी वारा सुटला की तेच तूस भेळेच्या गाडीवर, बाकड्यावर, दम्याच्या माणसाच्या छातीत.

माझ्या मते सगळा वाद या पहिल्या पाच मिनिटांत सुटतो किंवा बिघडतो. पहिलं चाक जायच्या आत जो तिथे हजर आहे, त्याच्यासाठी हे दोन फटक्यांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला झाडू घेऊन येणाऱ्या मावशींसाठी तेच वीस मिनिटांची कंबरमोड. आणि त्या पाच मिनिटांत हजर कोण असतं? घोडेवाला, आणि ज्याच्या घरचं कार्य आहे ते वऱ्हाड.

या बाबतीत परदेशातल्या घोडेस्वारांची एक सबब आपल्याला लागू पडत नाही. तिकडे रानवाटांवर माणूस एकटाच घोड्यावर बसून मैलोन् मैल जातो. मागे काय पडलं हे त्याला दिसत नाही. दिसलं तरी अरुंद वाटेवर उतरणं, बुजऱ्या घोड्याला धरून वाकणं, परत चढणं धोक्याचं असतं. म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी संकेत एवढाच, की वाटेच्या तोंडाशी आणि गाड्या लावायच्या जागी उचला, मधे पडली तर जमेल तेव्हा पायाने कडेला सारा. ब्रिटनमध्ये कुत्र्याची घाण न उचलणाऱ्याला दंड होतो, घोड्याच्या लिदीला तसा सरसकट नियम नाही, आणि त्यावरून तिथेही पायी चालणारे आणि स्वार यांच्यात कुरबुरी चालूच असतात. आपल्याकडे मात्र नवरदेव घोड्यावर असतो तेव्हा लगाम धरणारा जमिनीवर असतो. गड्ड्यातल्या पोराला फेरी मारून आणणारा तट्टाच्या बरोबरीने पळतो. प्रत्येक घोड्यामागे पायी चालणारा एक माणूस आपल्याकडे आहेच. त्याच्या दुसऱ्या हातात काय द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो.

"गवतच हाय की ओ मालक ते. उन्हानं वाळून जातंय." घोडेवाल्याशी बोलायला जा, पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, ते नाकारून पुढे जाता येणार नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाला, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना, जंतांचा संसर्ग होऊ शकतो. घोड्याच्या पोटातले जंत बहुतेक घोड्यापुरतेच राहतात. वासाच्या बाबतीत तर तुलनाच नको. तलावाच्या पाण्याचं म्हणाल तर जलपर्णी माजली, मासे मेले, हे पाप चार घोड्यांच्या माथी मारणं म्हणजे निव्वळ लबाडी आहे. सांडपाणी कुठून येतं हे काठावर उभं राहणाऱ्या कोणालाही दिसतं.

पण "गवतच" म्हटलं की दोन-तीन गोष्टी नजरेआड होतात. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात सुखाने राहतात आणि लिदीबरोबर मातीत येतात. त्यांची बीजं वर्षानुवर्षं मातीत टिकतात. ज्या शहरात यात्रेच्या दिवसांत हजारो पावलं अनवाणी चालतात, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि त्यांच्यामागचे भाविक पायात काही घालत नाहीत, त्या शहरात रस्त्यावर काय मिसळतं याला महत्त्व आहे. दुसरं माश्यांचं. घरमाशी ताज्या लिदीत अंडी घालते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांच्या माश्या होतात. यातली गंमत अशी, की रस्त्यावर पसरलेली लीद उन्हाने लवकर वाळते, तिच्यात अळ्या जगत नाहीत. अळ्या जगतात त्या सावलीतल्या ओल्या ढिगात. म्हणजे कोणीतरी अर्धवट उत्साहाने लीद गोळा करून तलावाकाठच्या झुडपाखाली ढीग लावला, तर त्याने न उचललेलीच बरी होती. आणि तिसरं, अगदी साधं. म्हाताऱ्या माणसाचा पाय ओल्या लिदीवरून घसरला, तर ते गवत होतं म्हणून खुब्याचं हाड जोडलं जात नाही.

"खत आहे" हाही त्याच जातीचा युक्तिवाद. खत आहे, शंकाच नाही. आपला बागायतदार द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बुडाला शेणखत मिळावं म्हणून गाडीभाडं मोजतो. घोड्याच्या लिदीत कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण कुजायला अगदी सोयीचं, पंचवीस-तीसाला एक असं असतं. युरोपात बटण मशरूम पिढ्यान् पिढ्या घोड्याच्या लिदीच्या कंपोस्टवर पिकलं. पण खत शेतात असतं. पेव्हर ब्लॉकवर काही उगवायचं नाही, तेव्हा तिथे ती घाणच, आणि तिला खताचा मान हवा असेल तर कोणीतरी तिला शेतापर्यंत पोचवायला हवं. तेही थेट नाही. ताजी लीद रानात फेकली तर तिच्यातलं न पचलेलं बी उगवून तण माजतं. ढीग नीट रचून आतून पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर तापू द्यावा लागतो, तेव्हा बी मरतं, जंतांची अंडी मरतात. नुकतंच जंताचं औषध दिलेल्या जनावराची लीद काही दिवस वेगळी ठेवलेली बरी, कारण आयव्हरमेक्टिनसारखं औषध लिदीतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं.

मला यात नेहमी एक गोष्ट वाटत आली आहे. गाईचं शेण रस्त्यावर फार काळ पडून राहत नसे. पडल्या पडल्या पोरी पाटी घेऊन धावायच्या, कधी त्यावरून भांडणं व्हायची. सारवायला, गोवऱ्या थापायला, पिकात टाकायला, शेणाला दहा गिऱ्हाईकं होती. घोड्याच्या लिदीला ती नव्हती. ती भुसभुशीत, तिची गोवरी नीट थापली जात नाही. तिने अंगण सारवायची रीत नाही. देवघरात तर तिचं कामच नाही. म्हणून ती उचलणं हे कोणाच्याच घरकामात बसलं नाही. एक सोडून. कुंभार. मडक्याच्या आणि विटेच्या मातीत घोड्याची, गाढवाची लीद मळायची पद्धत जुनी आहे. तंतूंमुळे वाळताना माती तडकत नाही, आणि भट्टीत ते तंतू जळून गेले की बारीक छिद्रं राहतात. घंटा आणि मूर्ती ओतणारे साच्याच्या मातीत तीच घालतात. आपल्या शहरात कुंभार वेस नावाची एक गजबजलेली जागा आहे, तिथून जाताना लिदीला गिऱ्हाईक नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अर्थात गिऱ्हाईक किती, याला मर्यादा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये लाखावर घोडे होते. आधी आसपासचे शेतकरी तबेल्यांना पैसे देऊन लीद न्यायचे. मग घोडे एवढे वाढले की लीद फुकट झाली, आणि पुढे ती नेण्यासाठी तबेलेवाल्यांनाच पैसे मोजावे लागले. 1895 मध्ये जॉर्ज वॉरिंग नावाच्या माणसाने तिथल्या सफाई खात्याची सूत्रं हातात घेतली आणि झाडूवाल्यांना पांढरेशुभ्र गणवेश दिले. लोकांनी आधी टिंगल केली, रस्ते दिसायला लागल्यावर त्यांच्याच मिरवणुका बघायला गर्दी केली. सोलापुरात हा पेच नाही. आपल्याकडे घोडे इतके थोडे आहेत की दोन-चार रोपवाटिका, काही कुंभार आणि एखादा जवळचा मळेवाला सगळी लीद सहज जिरवतील.

आता माझ्या फिरणाऱ्या सोबत्यांकडे येतो. त्यांचं म्हणणं सोपं आहे, घोडे वाटेवर नकोतच. बोर्ड लावा, दंड ठेवा, विषय संपला. एक अण्णा तर म्हणतात, "वाट माणसांची हाय बे, तबेला न्हाई." मी त्यांना विचारलं, की त्याच वाटेच्या कठड्यावर जे लाल फवारे आहेत ते कोणत्या घोड्याचे? मावा खाऊन थुंकणारे, पाळलेल्या कुत्र्याला पहाटे अंधारात तिथेच मोकळं करणारे, शेंगांची टरफलं बाकड्याखाली सारणारे, हे सगळे वाट माणसांची आहे म्हणणाऱ्यांतच बसतात. घोड्याची लीद नजरेत भरते कारण ती ढळढळीत असते आणि घोडेवाला गरीब असतो. त्याला बोललं तर तो उलटून बोलत नाही.

बंदीने काय होतं याचं उदाहरण लांब शोधायला नको. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या. तो निकाल जनावरांच्या हालांवर होता, लिदीवर नव्हता, आणि हालांचे मुद्दे खरे होते. पण ज्या धंद्याबद्दल शहरात आधीच कंटाळा आणि किळस साचलेली असते, त्याच्या बाजूने बोलायला ऐन वेळी कोणी उभं राहत नाही. माथेरानला मोटारीला बंदी आहे, तिथलं पोट घोड्यावर चालतं, आणि तरीही लाल मातीत मिसळलेल्या लिदीची धूळ हा तिथला कायमचा वादाचा विषय आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावरच्या घोड्यांवरूनही पाण्याचा प्रश्न पुढे आला. आपल्या घोडेवाल्यांनी हे नीट बघावं. सुपली हातात घेणं त्यांना आज कमीपणाचं वाटत असेल, पण त्यांच्या धंद्याला याहून स्वस्त विमा मिळणार नाही.

याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात पुरंदवड्याला आणि खुडूसला, आषाढी वारीत रिंगण होतं. माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं जिवाच्या आकांताने झेपावतात. अकलूजचा घोडेबाजार तर घोड्याची पारख करणाऱ्यांची पंढरीच. तेव्हा घोड्याची आपल्याला शिसारी आहे, असं कोणी म्हणू नये. शिसारी आहे ती उचलण्याची. आणि खोल गेलं तर उचलण्याचीही नाही, ते काम कोणाचं समजायचं याची. आपल्या डोक्यात झाडूची एक जात ठरलेली आहे. वरातीत नाचणारा नवरदेवाचा मामा घोड्याला कौतुकाने गूळ चारेल, त्याच्या मानेवर थोपटेल, पण त्याच घोड्याने टाकलेल्या लिदीसमोर तो इकडेतिकडे बघायला लागतो. ती नजर शोधत असते एका ठरावीक वस्तीतल्या माणसाला. तो सापडला नाही तर वरात पुढे जाते. लिदीबद्दलचा हा संकोच जेव्हा आरोग्याच्या भाषेत बोलायला लागतो, तेव्हा मला तो विशेष खटकतो.

कायदा कुठल्या बाजूचा आहे, तेही बघायला हरकत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याची पहिली जबाबदारी तो करणाऱ्यावर टाकली. परवान्याच्या जागेबाहेर शंभराहून जास्त माणसं जमवायची असतील, तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगवेगळा करून सुपूर्द करायचा, हे काम नियमाने आयोजकाचं ठरवलं. आपल्या वराती शंभराच्या खूप पुढच्या. आता कोणी वधुपिता कचऱ्यासाठी पालिकेत अर्ज घेऊन उभा राहिल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि तसा आग्रह धरणंही हास्यास्पद होईल. पण ज्याचं कार्य त्याची घाण, एवढं तत्त्व तरी त्या नियमातून कोणालाही उचलता येईल.

म्हणून दंडाच्या कल्पनेला माझा विरोध आहे. दंड पकडल्या जाणाऱ्यावर बसतो, आणि पकडला जातो लगाम धरलेला पोरगा, ज्याला त्या रात्री घोड्याच्या मालकाकडून फार थोडे पैसे सुटणार असतात. पैसा तिथून यावा जिथे तो आहे. घोडा ठरवतानाच बोलीत एक जास्तीचा माणूस धरावा, त्याची मजुरी लग्नघराने द्यावी. डीजेला मोजतो त्याच्या तुलनेत ती चिल्लर आहे. घोड्यामागे पाटीवाला चालला तर व्हिडिओ बिघडतो, हा आक्षेप मी खरोखर ऐकला आहे. त्यावर माझं उत्तर असं, की जनरेटरची धूर ओकणारी गाडी, तिची लोंबणारी वायर आणि वायर उचलून धरणारी चार पोरं त्याच व्हिडिओत वर्षानुवर्षं खपून जातात.

झोळीचाही पर्याय आहे. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात पर्यटकांच्या बग्गीला जुंपलेल्या घोड्याला मागे झोळी बांधावीच लागते. घोड्याने वाटेत मूत्र टाकलं तर गाडीवाला तिथे खुणेचा लहानसा झेंडा टाकून जातो आणि मागून पाण्याची गाडी येऊन ती जागा धुते. झोळी टांग्याला किंवा बग्गीला सोपी, कारण दोन दांड्यांना ती बांधता येते. पाठीवर माणूस बसलेल्या घोड्याला ती अंगाला घासते, नव्या जनावराला बुजवते, सवय करावी लागते. ज्या गावात चादरी विणतात आणि देशभरच्या शाळांचे गणवेश शिवतात, तिथे एक जाड कापडाची झोळी शिवून मिळणं अवघड नसावं. पण मी स्वतः पाटी-सुपलीलाच पसंती देईन. बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही.

आणि पाण्याचा उपाय सोलापुरात कोणी सुचवूच नये. जिथे नळ काही दिवसांआड येतो आणि उजनी धरणात पाणी असूनही बायका रात्री जागून पिंपं भरतात, तिथे रस्ता धुवायला टँकर मागणं हा निलाजरेपणा आहे. शिवाय धुतलेलं पाणी गटारातून वाट काढत कुठे जातं, हे तलावाशेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको. कोरडं काम करायचं. लांब दांड्याची सुपली, आखूड खराटा, सिमेंटची रिकामी गोणी, आणि उरलेल्या ओल्या डागावर मूठभर लाकडाचा भुसा किंवा राख. एवढा सरंजाम घोड्याच्या झुलीखाली बांधूनही नेता येतो.

घोडेवाल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे आणि तिला उत्तर शहराने द्यायला हवं. गोणी भरली, पुढे काय? घंटागाडीवाला ती घेत नाही. कचराकुंड्या आपण शहर सुंदर करायच्या नादात काढून टाकल्या. तबेल्याबाहेर ढीग केला तर शेजारी भांडतात, आणि त्यांचंही चुकत नाही. म्हणजे उचललेली लीद रात्री कुठल्यातरी नाल्यात जाते. ज्या वाटांवर घोडे येतात त्यांच्या टोकाला झाकणाची एक टाकी किंवा विटांचा हौद हवा, आणि तो आठवड्याच्या आत रिकामा व्हायला हवा, नाहीतर माश्यांचं गणित पुन्हा सुरू. पालिकेच्या बागांना खत लागतंच. बागेच्या माळ्याला विचारलं तर तो टाकी रिकामी करायला स्वतःहून येईल, असा माझा अंदाज आहे.

सुरुवात कुठून करायची तर गड्ड्यापासून. संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, खाऊची दुकानं आणि मुलांना फेरी मारणारी तट्टं दाटीवाटीने उभी राहतात. जागा आखल्या जातात, भाडं ठरतं, अटी लिहून घेतल्या जातात. तट्टांच्या रांगेसाठी त्याच अटींत दोन ओळी वाढवता येतील. फेरीचा रस्ता दोरीने वेगळा, आणि दर दोन तट्टांमागे पाटी-सुपलीवाला एक माणूस, ज्याची मजुरी फेरीच्या तिकिटातून निघेल. आईबाप लेकराच्या फोटोसाठी पाच रुपये जास्त देतील. हौद मैदानाच्या कडेला, खाण्याच्या दुकानांपासून लांब, वारा वास दुकानांकडे नेणार नाही अशा बाजूला. यात अडचण एकच, होम मैदानाच्या धुळीची. मैदानाच्या मातीत कालवलेली, खडे आणि गुटख्याच्या पुड्या घुसलेली लीद कुंभार घेणार नाही आणि माळीही तोंड वाकडं करेल. ती पडल्या पडल्या, गोळे शाबूत असतानाच उचलावी लागेल, म्हणजे सुपलीवाल्याला चहाला सोडतानासुद्धा बदली माणूस उभा करावा लागेल.